मधला फोटो

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर तात्यांचं दुकान आहे. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, तुरटीचा खडा, सोमवारी बंद. माझं जावळ तात्यांनीच काढलं. वडिलांचे केस कपाळावरून मागं मागं हटत गेले तेही त्यांच्या डोळ्यांदेखत. शेवटी शेवटी ते वडिलांकडून निम्मेच पैसे घ्यायचे. म्हणायचे, "काम निम्मं, दाम निम्मे."

मी छत्तिशीत आलो तेव्हा माझंही काम निम्म्यावर यायला लागलं होतं. गेल्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात मी केसांचं प्रत्यारोपण करून घेतलं. तात्यांना सांगितलं नाही. ते काय म्हणतील ते ठाऊक होतं, आणि ते त्यांनी नंतर म्हटलंच. पुढच्या वर्षभरात आमच्या पाच बैठका झाल्या. एकमत शेवटपर्यंत झालं नाही. जे झालं ते असं :

चौथा दिवस

सोमवार होता. तात्या कशासाठी तरी वर आले आणि दारातच थांबले. मी आरामखुर्चीत रेलून बसलो होतो. गळ्याभोवती प्रवासातली उशी, डोक्यावर सैल टोपी, कपाळ टम्म फुगलेलं, डोळ्यांच्या फटी झालेल्या.

तात्या : कुणी मारलं रे?

मी : कुणी नाही. केस लावून घेतले.

तात्या : किती?

मी : चोवीसशे. केस नव्हे, ग्राफ्ट. एकेका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. पुढच्या ओळीत एकेरी लावतात, मागं दाट.

तात्या : आणले कुठनं?

मी : माझेच. मानेच्या वरच्या भागातले. मिलिमीटरभराच्या पोकळ सुईनं एकेक मुळासकट काढतात. पूर्वी कातडीची अख्खी पट्टी कापून घ्यायचे, टाके पडायचे. आता बहुतेक असंच काढतात.

तात्या : म्हणजे माझ्या हाताखालचे. पस्तीस वर्षं मी जे कापत आलो ते तू उपटून पुढं लावलेस, आणि मला विचारलं पण नाहीस. अरे, टक्कल हा काय रोग आहे?

मी : नाही. म्हणून तर विमा कंपनीनं एक रुपया दिला नाही.

तात्या : मग?

मी : तुम्ही इतकी वर्षं लोकांच्या मिशा काळ्या करताय, ते कुठल्या रोगावर?

तात्या : ते महिन्यात उतरतं. नाही आवडलं तर माणूस पुन्हा पांढरा. हे उतरणारं आहे का? आणि तोंड कशानं सुजलंय? चुकलं काहीतरी.

मी : काही चुकलेलं नाही. डोकं बधिर करायला औषध मिसळलेलं पाणी टोचतात. ते उताराला लागतं. दुसऱ्या दिवशी कपाळात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळ्यांत. आठवड्यात ओसरेल. बर्फ लावायचा तर कपाळाला. वर, जिथं लावलंय तिथं नाही.

तात्यांनी टोपीकडं हात नेला. मी इतक्या जोरात मागं सरकलो की खुर्ची करकरली.

तात्या : एवढा घाबरतोस?

मी : आत्ता त्या मुळांना कशाचाच आधार नाही. नुसती चिकटलेली आहेत. साधारण नऊ-दहा दिवसांत पक्की धरतात. तोवर नख लागलं, उशी घासली, गळ्यातून टी-शर्ट काढताना अडकला, तरी उपटून यायची. म्हणून हे बटणांचे शर्ट. झोपायचं ते असंच, निम्मं बसून. दर पाऊण तासाला सलाइनचा फवारा. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. सिगारेट तर आधीपासूनच बंद. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, आणि ही मुळं सध्या त्याच रक्ताच्या ओलाव्यावर तग धरून आहेत.

तात्या : बाळंतिणीला पण एवढं पथ्य नसतं.

मी : बाळंतिणीसारखंच चाललंय. फक्त बारसं वर्षानं.

तात्या हसले नाहीत. स्टूल ओढून बसले.

तात्या : एक विचारतो, खरं सांग. लावलं कुणी? दोन वर्षांमागं माझ्याकडं एक माणूस आला होता. म्हणाला, विरळ केसांची गिऱ्हाइकं आमच्याकडं पाठवा, माणशी कमिशन. मी विचारलं, डॉक्टर कोण? म्हणाला, डॉक्टर सहीला असतात, काम पोरं करतात. मी त्याला तुरटीचा खडा दाखवला. म्हटलं, दाढी करताना कापलं तर मी हे लावतो. तुझ्या पोरांकडं काय आहे?

मी : चोख विचारलंत. २०१९ मध्ये मुंबईत एक व्यावसायिक असे केस लावून घेतल्यावर दोन दिवसांत गेला. २०२२ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयानंही सलूनमध्ये झालेल्या अशाच एका मृत्यूची दखल घेतली. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं स्पष्ट केलं की हे काम त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीचं रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचं आहे. यूट्यूब बघून शिकलेलं चालणार नाही. माझ्या डॉक्टरची पदवी मी नोंदणीपुस्तकात तपासली. काय झालं तर रात्री कुणाला फोन करायचा, तो नंबरही आधीच मागून घेतला.

तात्या : काय झालं तर म्हणजे?

मी : ताप आला, दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, पू दिसला, लावलेल्या जागेची कातडी काळपट पडली, तर वाट बघायची नाही. सूज, खाज, बधिरपणा यांना घाबरायचं नाही.

मग रात्री झोप येत नसताना वाचलेलं मी त्यांना सांगितलं. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा एक गाडीवान १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि नाक गमावून परतला. पुण्याजवळच्या, विटा बनवणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. ती हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली, आणि युरोपातल्या शल्यवैद्यांचे डोळे उघडले.

तात्या : आपल्या पुण्यात?

मी : आपल्या पुण्यात. त्यात पुढचं पथ्यही लिहिलंय. पाच-सहा दिवस रुग्णाला उताणं निजवायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती घालायच्या. कपाळाशी राहिलेला कातडीचा सांधा पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापायचा. सव्वादोनशे वर्षांनी मी पण तेच दिवस मोजतोय.

तात्या : त्याचं नाक गेलं होतं रे. तुझं काय गेलं होतं?

याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही.

बारावा दिवस

मी खाली उतरलो ते बसथांब्याकडं निघालो होतो. तात्यांनी दुकानातून हाक मारली.

तात्या : गाडी कुठाय?

मी : अजून दोन आठवडे बंद. हेल्मेट घासेल.

तात्या : मग बिनहेल्मेटची घाल. पुण्यात कोण विचारतं?

मी : केस वाचवायला डोकं घालवू? बस बरी.

तात्या : टोपी काढ बघू. आता तर चालतं ना? ... अरे! डोक्यावर मोहरी सांडलीय का?

पुढच्या भागात करड्या-तपकिरी खपल्यांचा थर होता. प्रत्येक ग्राफ्टभोवती एक दाणा. तिसऱ्या दिवसापासून मी दवाखान्यानं सांगितल्याप्रमाणं डोकं धूत होतो : मुलांच्या सौम्य शॅम्पूचा फेस तळहातावर करायचा, तो नुसता वरून टेकवायचा, मग तांब्यानं हलकेच पाणी सोडायचं, शॉवरची धार नाही. दहाव्या दिवसापासून बोटांनी चोळून खपल्या काढा, असंही कागदावर छापलेलं होतं. तेवढं मात्र माझ्याच्यानं होईना.

तात्या : हे असंच ठेवायला सांगितलंय?

मी : नाही. काढायला सांगितलंय. पण हात धजत नाही. राहू दे की, आपोआप पडतील.

तात्या : आणि खाली घाम, मळ साठून पिकलं म्हणजे? हे बघ, चौथ्या दिवशी तू मला हात लावू दिला नाहीस, ते बरोबर होतं. आज लावत नाहीस, ते चूक आहे. जखम ओली असते तेव्हा हात आवरायचा, सुकली की हात चालवायचा. कधी ओली नि कधी सुकी हे ओळखणं म्हणजे काळजी. भिऊन हात न लावणं ही काळजी नव्हे.

मी : तुम्ही तर तेल लावून चंपीच कराल.

तात्यांच्या हातात बदामतेलाची बाटली आलेलीच होती. ती त्यांनी ठेवून दिली.

मी : तेल महिनाभर तरी नको म्हणालेत. मालिश, गरम टॉवेल, पोहणं, व्यायामशाळा, थेट ऊन, सगळंच बंद.

तात्या : बरं. तेल नको. लाव फोन, मीच विचारतो.

त्यांनी खरोखरच दवाखान्याशी बोलून घेतलं. दहा मिनिटं ओलं ठेवून खपल्या भिजवायच्या, बोटांच्या पेरांनी गोल गोल फिरवायचं, नख लावायचं नाही, एका दिवसात सगळं निघालं पाहिजे असा हट्ट नाही. तात्या माझ्यामागून वर आले. अंगठी काढली, कोपरापर्यंत साबणानं हात धुतले. आमच्या न्हाणीघरात मी स्टुलावर मान खाली घालून बसलो, आणि ज्या बोटांनी माझं जावळ उतरवलं ती बोटं माझ्या नव्या केसांत फिरू लागली. पीस फिरावं तशी.

पाण्यात मोहरी वाहायला लागली. तिच्याबरोबर बारीक बारीक केसही.

मी : थांबा! केस येतायत!

तात्या : ओरडू नको. (तळहात उजेडात धरून) हे बघ. टोकाला पांढरा ठिपका. रोज माझ्या झाडूत असले शेकडो असतात. रक्त आलं का? नाही. मूळ निघालं असतं तर रक्त आलं असतं, आत्ताच फोनवर ती बाई म्हणाली. ही काडी गेली. मूळ आतच आहे.

मी : मान्य. आजचा दिवस तुमचा.

तात्या : दिवस माझा, पण मत तेच. एवढा जीव टांगणीला लावून घ्यायचं कारण नव्हतं.

सातवा आठवडा

जुलै. तात्यांची भोर तालुक्यात दीड एकर भातखाचरं आहेत. आवणी उरकून ते परतले होते. पायाच्या नखांत अजून चिखल होता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी खुर्चीत बसून आरशात बघत होतो. लावलेले बहुतेक केस गळून गेले होते. कडेचे काही जुनेही धक्क्यानं गेले होते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी होतो त्याहून मी वाईट दिसत होतो, वर कातडी गुलाबी.

मी : बोला. तुमचंच खरं झालं.

तात्या : मी काही बोललो?

मी : बोला तरी. ऑफिसात सगळे मुद्दाम दुसरीकडं बघतात.

तात्या : आवणी बघितलीयेस कधी? वाफ्यात रोप कसं हिरवंगार असतं. ते उपटायचं, जुड्या बांधायच्या, चिखलात रोवायचं. दुसऱ्या दिवसापासून पिवळं पडतं. माना टाकतं. शहरातला माणूस बघून म्हणेल, गेलं पीक. आम्ही रोपाकडं बघतच नाही, बांधाकडं बघतो. पाणी आहे ना? बास. मूळ चिखल धरायला लागलं की पात आपोआप सरळ होते.

मी : डॉक्टरांनीही हेच सांगितलं. जागा बदलण्याच्या धक्क्यानं केस विश्रांतीत जातो, काडी टाकून देतो, मूळ आत झोपतं. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात बहुतेकांचे गळतात.

तात्या : पण माझं भात आठ-दहा दिवसांत डोकं वर काढतं. तुझं?

मी : तीन-चार महिने. केसाचं घड्याळच तसं आहे. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवडे आवराआवर करतो आणि मग साधारण तीन महिने झोपतो. सगळे एकदम झोपत नाहीत म्हणून एरवी कळत नाही. रोजचे पन्नास-शंभर गळतात, तेवढेच. माझे सगळे एकाच दिवशी हलवले, म्हणून एकदम झोपलेत. उठल्यावरही महिन्याला सेंटिमीटरभरच वाढणार. सहा महिन्यांत निम्मं चित्र, वर्षानं पूर्ण. टाळूवर लावले असते तर दीड वर्ष.

तात्या : एक कळत नाही. पुढची जमीन तर नापीक आहे. तिथं आधी होते ते टिकले नाहीत, हे का टिकतील?

मी : दोष जमिनीचा नसतो. पुरुषांच्या संप्रेरकापासून शरीरात डीएचटी नावाचं द्रव्य बनतं. पुढच्या नि टाळूच्या मुळांना ते सोसत नाही, ती बारीक होत जातात. मागच्या नि कानांजवळच्या मुळांना त्याचं बहुधा काही वाटत नाही. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्राइख या त्वचातज्ज्ञानं १९५२ मध्ये मागचे केस पुढं लावून पाहिले. जिथून आले तिथला स्वभाव त्यांनी सोडला नाही. १९५९ मध्ये त्यानं ते प्रसिद्ध केलं.

तात्या : म्हणजे आवणी नव्हे, कलम म्हण. गावठी खुंटावर हापूस बांधला तरी आंबा हापूसच.

मी : स्वभाव कलमाचा, हाल आवणीचे.

तात्या : (पहिल्यांदाच हसत) पण तुझ्या त्या न्यूयॉर्कवाल्याची कला मी बघितलीय. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकानं तसं करून घेतलेलं. वाटाण्याएवढ्या जागेत दहा-पंधरा केसांचा झुबका, मग मोकळी जागा, मग झुबका. बाहुलीचं डोकं. कंगवा फिरवताना मला वाईट वाटायचं.

मी : ते चार मिलिमीटरचे गोल तुकडे असायचे. गंमत म्हणजे जपानमध्ये ओकुदा नावाच्या डॉक्टरनं १९३९ मध्येच केसांचे बारीक तुकडे लावल्याचं लिहून ठेवलं होतं. मध्ये महायुद्ध आलं, आणि पश्चिमेला त्याचा पत्ता फार उशिरा लागला.

तात्या थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी बोट रस्त्यापलीकडच्या मोठ्या फलकाकडं केलं. त्यावर एकाच माणसाचे दोन फोटो होते. डावीकडं टकला, उतरलेल्या चेहऱ्याचा. उजवीकडं केसाळ, हसणारा.

तात्या : तिथं दोन फोटो आहेत बघ. आधीचा आणि नंतरचा. मधला कुठाय? आत्ता तू दिसतोस तो? तुझ्यासारखी पोरं त्या दोन फोटोंतलं अंतर बघून पैसे भरतात. त्यांना वाटतं, ते अंतर डॉक्टर एका दिवसात पार करून देतो. डॉक्टर एक दिवस होता. बाकीचं तूच करतोयस. हे त्या फलकावर कुणी लिहीत नाही. भांडण मला तुझ्याशी करायचंच नव्हतं रे. या फलकाशी आहे.

मी : यात मी तुमच्या बाजूनं.

तात्या : मग दे तुझा आजचा फोटो. आरशाला लावतो. जो विचारेल त्याला दाखवीन.

मी : वेडे झालात? मुळीच नाही.

तात्या : बघ. तूही फलकवालाच.

दिवाळी

सप्टेंबरच्या सुमाराला कपाळाच्या वर लाल पुटकुळ्या आल्या. नवा केस कातडीखालीच वळला की असं होतं. फोडायच्या नाहीत, कोमट ओला कपडा ठेवायचा, वाढल्या तर डॉक्टरला दाखवायचं. त्यातूनच बारीक, कुरळे, निर्जीव वाटणारे केस वर आले. दिवाळीपर्यंत एवढे झाले की लांबून बघणाऱ्याला काही कळू नये. अभ्यंगस्नानाच्या आदल्या संध्याकाळी तात्या तेलाची वाटी घेऊन वर आले.

तात्या : आता तरी?

मी : आता हो. पाच महिने झाले.

तात्या : (तेल जिरवत) हे कुरळे कसे? तुझे तर सरळ.

मी : सुरुवातीला असेच येतात. वर्षभरात बसतात म्हणे.

तात्या : इथं लागतंय?

मी : मागं अजून थोडं बधिर आहे. तेही परतेल.

तात्या : एक राहिलंच. गणपतीत मंडळाच्या रक्तदान शिबिराला तू का बसला नाहीस? दर वर्षी पहिला असतोस.

मी : गोळी चालू आहे. फिनास्टेराइड. ती घेणाऱ्यानं रक्त द्यायचं नाही. बंद केल्यावरही महिनाभर थांबायचं. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढवलं आणि पोटात मुलगा असला तर त्याच्या वाढीला धोका. गरोदर बाईनं फुटलेल्या गोळीला हातही लावू नये.

तात्या : (हात थांबवून) केस लावून झाले, मग गोळी कशाला?

मी : लावलेल्यांसाठी नाही. त्यांच्या मागं जे माझे मूळचे उरलेत, त्यांच्यासाठी. शस्त्रक्रियेनं टक्कल थांबत नाही, फक्त भरून निघतं. मागचे जात राहिले तर काही वर्षांनी पुढं झाडी आणि मागं माळरान. म्हणून ही गोळी. शिवाय मिनॉक्सिडिलचं पाणी, ते मुळात रक्तदाबाचं औषध. घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले तेव्हा लोकांच्या लक्षात आलं. अमेरिकेत ते पाणी १९८८ मध्ये केसांसाठी मंजूर झालं, माझी ही गोळी १९९७ मध्ये.

तात्या : किती दिवस?

मी : केस हवेत तोवर.

तात्या : म्हणजे घर बांधलं, तरी भाडं चालूच.

मी : जुन्या खोल्यांचं भाडं.

तात्या : आणि गोळीचं काही भलतंसलतं?

मी : थोड्या पुरुषांना होतं. इच्छा कमी होते, काहींचं मन उदास होतं. तसं वाटलं तर लगेच सांगायचं. पुढं कधी प्रोस्टेटची रक्ततपासणी करायची झाली तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं. तिनं आकडा निम्म्यावर येतो आणि डॉक्टर फसतात. हे सगळं मला शस्त्रक्रियेआधी सांगितलं, लिहून दिलं, मगच सही घेतली.

तात्या : आणि तू सही केलीस.

मी : केली.

तात्या : तुझ्या वडिलांना मी एकदा म्हटलं होतं, सगळंच काढून टाकू, गुळगुळीत करू, रुबाबदार दिसाल. ते म्हणाले, तात्या, राहिलेत तेवढे राहू द्या. ते चार केस त्यांना का हवे होते ते मला कळलं नव्हतं.

मी : चौथ्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, तुझं काय गेलं होतं म्हणून.

तात्या : हां.

मी : तेच. वडिलांचं जे गेलं होतं ते.

तात्यांनी काही उत्तर दिलं नाही. वाटीतलं उरलेलं तेल माझ्या डोक्यावर थापलं, नेहमीपेक्षा जरा जोरातच, आणि म्हणाले, "मला अजून वाटतं, बिनकेसांचाही तू बरा दिसला असतास."

वर्ष

मेच्या शेवटी मी दुकानात कटिंगला बसलो. मध्ये एक-दोनदा कात्रीनं कडा सारख्या केल्या होत्या, पण पुढच्या केसांना तात्यांनी हात लावला नव्हता. डावीकडचा कोपरा अजून विरळ आहे. बाकी भांग पडतो.

तात्या : मागं किती ठेवू? एक नंबर?

मी : नेहमी तोच असायचा.

तात्या : आता कधी मारायचा नाही. हे बघ. (मागं आरसा धरून) बारीक पांढरे ठिपके. चोवीसशे. तीन नंबरच्या खाली गेलास की उघडे पडतील. आणि पुन्हा लावायची हौस आली तर लक्षात ठेव, हा मागचा वाफा एवढाच आहे. रोपं उपटत राहिलास तर वाफाही टकला.

शेजारच्या खुर्चीत बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा बसला होता. कपाळाचे दोन्ही कोपरे नुकते मागं सरकलेले. बराच वेळ तो आरशातून माझ्याकडं बघत होता.

मुलगा : काका, तुम्ही करून घेतलंय ना? मलाही करायचंय. पुढच्या महिन्यातच.

मला वाटलं, तात्या आता सुरू होतील. त्यांनी कात्री खाली ठेवली.

तात्या : तुझं वय लहान आहे. तुझे कुठवर जाणार हे अजून तुझ्या केसांनाच ठाऊक नाही. आज पुढची ओळ लावशील आणि चाळिशीत ती एकटीच उभी राहील. आधी चामडीच्या डॉक्टरला दाखव, औषधानं थांबतं का बघ. एवढं करून करायचंच असेल तर कर. मी कुणाला नको म्हणत नाही.

मी : कधीपासून?

तात्या माझ्याकडं न बघता हात पुढं करून उभे राहिले. काय मागतायत ते मला कळलं. मी मोबाइल काढला. जुलैतला तो फोटो मी पुसला नव्हता. का, ते माहीत नाही. गुलाबी डोकं, विस्कटलेल्या चार काड्या, आणि कॅमेऱ्याकडं न बघणारा मी.

मुलानं मोबाइल घेतला. रस्त्यापलीकडच्या फलकाकडं एकदा पाहिलं, मग पुन्हा हातातल्या फोटोकडं.

मुलगा : असं किती दिवस दिसतं?

तात्यांनी कात्री उचलली.

तात्या : त्याला विचार. तो राहून आलाय तिथं.

मी सांगायला लागलो. तात्या पुढचे केस कंगव्यानं वर घेऊन कापत होते. मांडीवरच्या कापडावर ते पडत होते, आणि मला खाली बघायची आठवणही झाली नाही.